उणे एक

हरण्याचे प्रकार किती? आपण सहज म्हणू, हरणं ते हरणं, त्यात प्रकार कसले? पण खेळांचे नियम लिहिणारे लोक तसं मानत नाहीत. दुसऱ्याने हरवलं की माणूस स्वतःच हरला, याचा ते वेगवेगळा हिशेब ठेवतात.

क्रिकेट बघा. फलंदाजाची बॅट त्याच्याच स्टंपला लागली तर तो हिट विकेट बाद. चूक त्याची एकट्याची, तरी विकेट गोलंदाजाच्या नावावर जमा होते. तोच फलंदाज नसलेली धाव घ्यायला पळाला आणि धावबाद झाला, तर गोलंदाजाच्या नावावर काहीच चढत नाही. कबड्डीत बचाव करणारा गडी कुणी न शिवता रेषेबाहेर गेला तरी समोरच्या संघाला गुण मिळतो. कॅरमचं आणखी वेगळं. स्ट्रायकर खिशात गेला की आपण जिंकलेली एक सोंगटी परत बोर्डावर ठेवावी लागते. समोरच्याच्या हातात काही पडत नाही, आपलं मात्र एक कमी होतं.

म्हणजे तीन पद्धती झाल्या. एक म्हणते, तू पडलास, श्रेय समोरच्याला. दुसरी म्हणते, तू पडलास, पण यात गोलंदाजाचं कर्तृत्व नाही. तिसरी म्हणते, तू पडलास, तुझं तू भर. गेली दोन-तीन वर्षं मी या हिशेबाबद्दल जरा जास्तच विचार करतोय आणि त्याला कारण एक व्हिडिओ गेम आहे. ज्यांना असल्या गोष्टींत रस नाही त्यांनी लगेच पान बंद करू नये. हा लेख शेवटी इचलकरंजीच्या मागांपर्यंत जाणार आहे.

खेळाचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स. जपानच्या हाल लॅबोरेटरी या कंपनीत मासाहिरो साकुराई यांनी तो घडवला आणि 1999 साली तो निन्टेन्डो 64 या यंत्रावर आला. सातोरू इवाता, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, त्यांनी सुरुवातीच्या नमुन्याचं प्रोग्रॅमिंग केलं होतं. त्यानंतर 2001 मध्ये 'मेले', 2008 मध्ये 'ब्रॉल', 2014 मध्ये आणखी एक आवृत्ती आणि 2018 मध्ये 'अल्टिमेट' आला. 'मेले' हे नाव मराठी कानाला भलतंच ऐकू येतं, पण मूळ शब्दाचा अर्थ हातघाई, झुंबड असा आहे. या एका खेळावरून पुढे एक अख्खा प्रकार तयार झाला. त्याला प्लॅटफॉर्म फायटिंग म्हणतात. ब्रॉलहाला नावाचा त्याच जातीचा खेळ आता मोबाइलवरही फुकट मिळतो.

साकुराईंनी या खेळामागचा एक किस्सा सांगितलेला आहे. एकदा आर्केडमध्ये मारामारीचा एक खेळ खेळताना त्यांनी समोरच्याला सपाटून हरवलं. नंतर बघतात तर पलीकडे एक नवखं जोडपं होतं, बिचारे गंमत म्हणून खेळायला बसलेले. त्यांची गंमत आपण संपवून टाकली हे त्यांच्या मनाला लागलं. नवख्यालाही ज्यात जागा असेल असा मारामारीचा खेळ असावा, या विचारामागे तो प्रसंग होता.

आता हा खेळ चालतो कसा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मारामारीच्या इतर खेळांत प्रत्येकाच्या नावाखाली ताकदीची पट्टी असते. मार बसत गेला की ती रिकामी होते आणि ती संपली की माणूस संपला. स्मॅशच्या नेहमीच्या प्रकारात अशी पट्टीच नाही. तिथे टक्के असतात. प्रत्येकजण शून्यापासून सुरू करतो. मार बसेल तसे टक्के चढतात आणि टक्के जितके जास्त तितकं पुढच्या फटक्याला ते पात्र लांब उडतं. मैदान बहुतेक वेळा अधांतरी तरंगणारं. पडद्याच्या चारी बाजूंना न दिसणारी सीमा. ती ओलांडली की बाद.

म्हणजे या खेळात मार खाऊन कुणी मरत नाही. मरतो तो पडून. दोनशे टक्के मार खाल्लेला माणूसही मैदानावर पाय रोवून असेल तोवर खेळात असतो आणि शून्य टक्क्यांवरचा धडधाकट माणूस उडी चुकली तर जातो. त्यामुळे हा ढकलला गेला की स्वतः पडला, हा प्रश्न या खेळाला टाळताच येत नाही.

वेळेच्या सामन्यात त्याचं उत्तर आकड्यांत मिळतं. तुम्ही कुणाला बाहेर उडवलंत तर तुम्हाला अधिक एक, त्याला उणे एक. तुम्ही स्वतःहूनच खाली पडलात तर तुम्हाला उणे एक आणि बाकी कुणालाच काही नाही. याला 'सेल्फ-डिस्ट्रक्ट' म्हणतात, खेळणारी मुलं नुसतं 'एसडी' म्हणतात. थेट कॅरमचा नियम. दोघंच खेळत असतील तर याचा परिणाम मोजून बघा. मी तुम्हाला उडवलं तर आपल्यात दोन गुणांचं अंतर पडतं. तुम्ही आपणहून पडलात तर एकाचं. म्हणजे या हिशेबात स्वतः पडणं हे दुसऱ्याने पाडण्याच्या निम्म्याने महाग आहे.

मला ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा ती उलटी वाटली. आपल्याकडे तर स्वतःच्या हाताने पडलेल्याला जास्त बोल लागतात. दुसऱ्याने फसवलेल्याची निदान कीव तरी येते. पण खेळाचा विचार सरळ आहे. पडलेल्याचं नुकसान दोन्हीकडे सारखंच, उणे एक. फरक इतकाच की एकीकडे पाडणाऱ्याने काहीतरी केलेलं असतं, म्हणून त्याला त्याचं देणं मिळतं. दुसरीकडे कुणी काहीच केलेलं नसतं, तर फुकटचं श्रेय कुणाला द्यायचं? 'मेले'च्या नियमांत तर ही शिक्षा बदलायचीही सोय आहे. शून्य करा, एक ठेवा, नाही तर दोन करा. घरचं खेळणं, ज्याने त्याने आपल्या घराचा कायदा ठरवावा.

स्पर्धांमध्ये हा हिशेब चालत नाही. तिथे ठरावीक जीव मिळतात. 'मेले'त साधारणपणे चार, 'अल्टिमेट'मध्ये तीन. ज्याचे आधी संपले तो हरला. तिथे पाडलं की पडला याला अर्थ उरत नाही, एक जीव गेला तो गेला. खेळाचं व्याकरण तेच, पण न्याय बदलला. हजारो लोकांसमोर, बक्षिसाच्या पैशासाठी खेळणाऱ्यालाही पाय घसरल्याची सवलत नाही आणि वेगळी शिक्षाही नाही.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे ते पडण्याचं नाव ठरवणं.

समजा, मी तुम्हाला जोरात फटका मारला. तुम्ही मैदानाबाहेर लांब उडालात, पण सीमेच्या आतच राहिलात. आता परत यायचं आहे. हवेत एक उडी शिल्लक आहे, ती वापरली. मग वर नेणारी खास चाल वापरली. कडा हाताशी आली आणि वीतभर कमी पडली. तुम्ही खाली गेलात. त्या शेवटच्या क्षणी तुमच्या आसपास कुणीही नव्हतं. पुढे काय झालं ते माहीत नसलेला बघणारा म्हणेल, हा उडी चुकून पडला. खेळ तसं म्हणत नाही. तुम्हाला शेवटचा फटका कोणी मारला हे खेळाने लक्षात ठेवलेलं असतं. तो तुमचं पडणं माझ्या नावावर लिहितो. मला अधिक एक, तुम्हाला उणे एक.

पण खेळाची ही आठवण कायमची नाही. तुम्ही परत मैदानावर आलात, पाय टेकले, थोडा वेळ स्थिर राहिलात की तो फटका पुसला जातो. त्यानंतर पडलात तर तुमचे तुम्ही. आधीच्या माराचे टक्के अंगावर तसेच असतात, पण मारणाऱ्याचं नाव गेलेलं असतं.

दुसरी एक गंमत आहे. काही मैदानांवर स्वतःचे धोके असतात. 'मेले'त ऑनेट नावाचं एक गाव आहे. तिथे रस्त्यावर लढाई चालू असताना मधूनच भरधाव गाड्या येतात आणि जो मध्ये असेल त्याला उडवून जातात. त्याआधी तुम्हाला कुणी खेळाडूने मारलेलं नसेल, तर गाडीने उडवून झालेला मृत्यूही एसडीच्याच रकान्यात जातो. गाडी खेळाडू नाही. तिला गुण देता येत नाही. गुण घ्यायला कुणी नाही म्हटल्यावर दोष पडलेल्याचा.

आणि 2008 च्या 'ब्रॉल'मध्ये तर पात्र पळायला लागताना अधूनमधून आपोआप ठेच लागून पडायचं. खेळणाऱ्याने काही चुकवलेलं नसायचं, निव्वळ नशीब. गंभीरपणे खेळणाऱ्या लोकांना ते मुळीच आवडलं नाही आणि 2014 च्या आवृत्तीत ती आपोआप लागणारी ठेच काढून टाकली. खेळ बनवणाऱ्यांना निदान काढून तरी टाकता येते.

एकत्र मरण्याचे प्रकारही आहेत. कर्बी समोरच्याला गिळून त्याच्यासकट कड्यावरून खाली जाऊ शकतो. बाउझर समोरच्याला कवेत धरून उडी घेतो. गॅनॉनडॉर्फ गळा धरतो आणि दोघंही जातात. दोघांचाही शेवटचा जीव असेल तर जिंकलं कोण? स्पर्धा भरवणाऱ्यांना यासाठी वेगळं कलम लिहावं लागतं. बरेच ठिकाणी निकालाच्या पडद्यावर जे नाव येईल ते मान्य करतात. स्वतः मरूनही जिंकता येतं आणि तो अपघात आहे की डावपेच, हे बाहेरून दिसणाऱ्या पडण्यावरून कळत नाही.

हे सगळं मला शिकवलं माझ्या भाच्याने. सांगलीला बहिणीकडे स्विच आहे, मेहुण्यांनी दुबईहून आणलेला. भाचा नववीत आहे आणि त्याच्या बोटांना डोळे आहेत. भाची सात वर्षांची. ती खेळते कमी आणि पडते जास्त. कुणी हातही लावलेला नसताना सरळ पळत जाऊन कड्यावरून खाली. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं आता हा तिला चिडवणार. तो काही बोलला नाही. त्याने आपलं धडधाकट पात्र कड्यापर्यंत चालवत नेलं आणि मुद्दाम खाली टाकलं.

"हे काय केलंस रे?" मी विचारलं.

"मामू, ती उगाच गेली ना. मग मीपण गेलो. आता सेम."

मला वाटलं घरातल्या घरात त्याने शोधलेली ही युक्ती असेल. पण जगभरच्या खेळणाऱ्यांत, स्पर्धा नसलेल्या साध्या खेळात, ही जुनी रीत आहे. समोरचा सुरुवातीलाच चुकून पडला तर आपणही आपला एक जीव सोडून द्यायचा. नियमात कुठे लिहिलेलं नाही. फुकटची आघाडी नको, एवढाच त्याचा अर्थ. भाच्याला ती कुठून कळली कोण जाणे, पण उणे एक आणि उणे एक म्हणजे बरोबरी, हे गणित त्याला नेमकं उमगलं होतं.

खेळाच्या बाहेर असा हिशेब कसा लागतो याचं मला आठवणारं सर्वांत काळं उदाहरण फुटबॉलचं आहे. 22 जून 1994, अमेरिकेतल्या विश्वचषकात कोलंबिया विरुद्ध अमेरिका. अमेरिकेच्या जॉन हार्क्सने डावीकडून चेंडू आत टाकला. तो अडवायला कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार पाय पसरून घसरला आणि चेंडू त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. कोलंबिया 2-1 ने हरली. 2 जुलैला, आपल्याच मेडेयिन शहरात, एस्कोबारला गोळ्या घालून मारलं गेलं. नोंदवहीत आजही तो स्वयंगोल त्याच्या नावावर आहे. पण जरा थांबून बघितलं तर तो चेंडू हार्क्सने टाकला होता. एस्कोबार अडवायला गेला नसता तर त्याच्या नावावर काहीच लागलं नसतं. जो वाचवायला धावतो त्याच्याच पायाला चेंडू लागतो. उभा राहून बघणाऱ्याच्या नावावर स्वयंगोल चढत नाही.

आता इचलकरंजी.

माझ्या बडे अब्बांचा थोरला मुलगा, आम्हा सगळ्या चुलत भावंडांचा भाईजान. त्याचे आठ साधे माग होते. खर्चीवाला यंत्रमागधारक. व्यापारी बिमं पाठवणार, हा कापड विणून देणार, मीटरवर मजुरी मिळणार. स्वतःचं सूत नाही, स्वतःचं कापड नाही. माग आणि मेहनत तेवढी स्वतःची. पंधरा-सोळा वर्षं त्याने अशी काढली, घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली.

मग एका व्यापाऱ्याने मजुरी थकवली. एक महिना, दोन महिने, करत करत नऊ महिन्यांची. भाईजानच्या आठपैकी सात मागांवर त्याच एका व्यापाऱ्याची बिमं होती. विजेचं बिल थांबत नाही, कामगारांची मजुरी तर दर आठवड्याला द्यावीच लागते. भाभींचे दागिने गेले. कर्ज झालं. तरी माग चालू होते. पैसे मिळतील या आशेवर जवळजवळ सव्वा वर्ष त्याने शेड बंद पडू दिली नाही. शेवटी चार माग विकले. पाच-सहा महिन्यांनी उरलेले चारही विकले, देणी भागवली आणि हातात राहिलेले पैसे एका ओळखीच्या माणसाबरोबर टेम्पोच्या धंद्यात घातले. तो धंदा वर्षभरात बुडाला.

घरात या सगळ्याची नोंद एका वाक्यात झाली. बडे अब्बा म्हणाले, "माग कुणी ओढून नेले नव्हते. ह्यानं स्वतःच्या हातानं विकले."

वाक्य खोटं नाही. माग त्यानेच विकले, सही त्याचीच. आणि शेवटच्या क्षणी त्याच्या आसपास दुसरं कुणी नव्हतं. व्यापाऱ्याने मारलेल्या फटक्याला तोवर दोन वर्षं होत आली होती. मधल्या काळात भाईजान दिसायला तरी पायांवर उभा होता. शेड उघडत होता, ईदला सगळ्यांना भेटत होता, मुलांची फी भरत होता. लोकांच्या लेखी त्याचे पाय जमिनीला टेकले होते. म्हणजे फटका पुसला गेला. त्यानंतर जे झालं ते एसडी.

खेळाला छोटी आठवण परवडते. तिथे पाय टेकला की नाही हे संगणकाला नेमकं कळतं. माणसाचा पाय टेकलाय की तो अजून हवेतच हातपाय मारतोय, हे दारातून सलाम करून जाणाऱ्याला कसं कळणार? सव्वा वर्ष शेड चालू ठेवणं ही भाईजानची हवेतली उडी होती. चार माग विकणं ही दुसरी. कडा वीतभर राहिली. आम्ही सगळ्यांनी फक्त शेवटची वीत पाहिली.

आणि ऑनेटच्या गाड्या? सुताचे भाव, विजेचे दर, बाजारातली मंदी. यांना नाव नसतं, चेहरा नसतं, त्यांच्या नावावर कुणी गुण मांडत नाही. मग त्यांनी उडवलेला माणूसही हाताने पडल्याच्या यादीत जातो.

गेल्या हिवाळ्यात घरात एक लग्न झालं. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर भाईजानने थोरल्यांसमोर विषय काढला. एका ओळखीची शेड भाड्याने मिळत होती, सहा जुने माग हप्त्याने. सुरुवातीला तीन लाख हवे होते. त्याने कर्जे हसना मागितलं, म्हणजे बिनव्याजी, जमेल तसं फेडण्याच्या बोलीवर. खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग दोन बाजू पडल्या. बडे अब्बा म्हणाले, ज्याने एकदा हाताने घालवलं तो पुन्हा घालवेल. धाकटे चाचा म्हणाले, याचा काय कसूर, त्या व्यापाऱ्याने बुडवलं, याने काय केलं? अर्धा तास हेच चाललं. मला ते ऐकताना वाटत होतं की दोघंही एकच रकाना धरून बसलेत. एकाला सगळे आकडे एसडीत लिहायचे होते, दुसऱ्याला सगळे व्यापाऱ्याच्या खात्यात. आपल्या मोहल्ल्यांत, आपल्या सभांतही मी हे दोन आवाज नेहमी ऐकतो. एक म्हणतो, आपलं जे झालं ते आपणच केलं. दुसरा म्हणतो, जे झालं ते सगळं दुसऱ्यांनी केलं. पहिला आवाज मारणाऱ्याला मोकळा सोडतो. दुसरा आवाज पडणाऱ्याला काही शिकू देत नाही.

मी एवढंच बोललो, "पडणं दोनदा झालंय. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडा. मागांचं पडणं वेगळं, टेम्पोचं वेगळं."

फुप्पीने ते उचललं. फुप्पी फारशी शिकलेली नाही, पण तिने शिवणकामावर चार मुलं वाढवली आहेत. तिने भाईजानलाच विचारलं, "माग गेले ते कळलं बेटा. टेम्पोत काय झालं ते सांग. वही होती का?"

वही नव्हती. भागीदाराच्या तोंडी शब्दावर सगळं चाललं होतं. डिझेल किती, भाडं किती, कुणाकडून किती यायचं, काही लिहिलेलं नव्हतं. भाईजानने मान खाली न घालता हे सांगितलं आणि मला वाटतं, तो ते इतक्या सरळपणे सांगू शकला कारण मागांचं ओझं कुणीतरी त्याच्यावरून उतरवून दुसऱ्या रकान्यात ठेवलं होतं. सगळ्याचाच दोष माथी मारला की माणूस कशाचाच कबूल करत नाही. त्याचा वाटा त्याला नेमका दाखवला तर तो उचलतो.

"मग ते तुझं," फुप्पी म्हणाली, "आणि बाकीचं तुझं नव्हतं."

तीन लाख जमले नाहीत. अडीच जमले. धाकट्या चाचांनी दिले, फुप्पीने दिले, आम्ही तिघा भावंडांनी थोडे थोडे घातले. बडे अब्बांनी दिले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत. अट फुप्पीची. दर महिन्याला वही तिला वाचून दाखवायची.

मला या खेळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती गुणांची नाहीच. पडलेला खेळाडू परत येतो तेव्हा काय होतं, ती आहे. तो एका तरंगत्या पाटावर मैदानाच्या वर येतो. काही क्षण त्याला कुणी मारू शकत नाही. आणि त्याचे टक्के शून्य असतात. पाडला गेलेला असो की स्वतः पडलेला असो, शून्य ते शून्य. उणे एक नोंदवहीत राहतो, अंगावर राहत नाही. आपण नेमकं उलटं करतो. वहीत काही लिहीत नाही, त्यामुळे नेमकं काय चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही. पण माणूस परत उभा राहायला आला की आधीचे सगळे टक्के त्याच्या अंगावर ठेवूनच त्याला उतरवतो. मग साध्या धक्क्यानेही तो लांब उडतो आणि आपण म्हणतो, बघा, सांगितलं नव्हतं?

वेळेच्या सामन्यात, नियम बदलले नाहीत तर, खेळ चालू असताना कुणाचे किती गुण हे पडद्यावर दिसत नाही. वेळ संपल्यावर तिन्ही रकाने एकदम समोर येतात: किती पाडले, किती वेळा पडलात, त्यातले स्वतःहून किती. तोवर ज्याने त्याने खेळत राहायचं.

भाईजानचे सहा माग सुरू होऊन आता पाच महिने झाले. त्याने स्वतःसाठी एक नियम केला आहे. एका व्यापाऱ्याची बिमं दोनपेक्षा जास्त मागांवर घ्यायची नाहीत आणि मजुरी पंधरा दिवसांच्या पुढे थकली की त्याचं पुढचं बीम चढवायचं नाही. तिसऱ्या महिन्यात एका व्यापाऱ्याने पैसे लांबवले, तेव्हा दोन माग तीन आठवडे रिकामे राहिले. ते नुकसान त्याने वहीत लिहिलं आणि फुप्पीला वाचून दाखवलं. फुप्पीने विचारलं, हे कुणाच्या खात्यात लिहायचं? तो म्हणाला, "माग मी थांबवले, पण पैसे त्यानं थकवले. त्याच्याच खात्यात लिहा."

फुप्पीने तसं लिहायला लावलं.